अथेन्सची खापरं: कुणाचं नाव लिहिलं गेलं, कुणाचं नाही

ओसरीवरची

मे महिन्यात लेकीकडे म्युनिकला गेलो होतो, तिथून चार दिवस अथेन्सला जाऊन आलो. अॅक्रोपोलिसवर लिहिणार नाही, ते सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं. मला लिहायचंय ते त्याच्या पायथ्याच्या अगोराबद्दल. अगोरा म्हणजे बाजार, कचेरी, कोर्ट, देवळं, चावडी, सगळं एकाच मोकळ्या पटांगणात. सॉक्रेटिस ज्या ठिकाणी लोकांना थांबवून प्रश्न विचारायचा ते हेच. तिथे अटॅलॉसचा स्टोआ म्हणून खांबांची एक लांबच लांब ओसरी आहे, मूळची इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, १९५०च्या दशकात पुन्हा उभारलेली, आणि तिच्या आतच म्युझियम आहे.

तर त्या म्युझियममध्ये एका काचेच्या कपाटात नुसती खापरं मांडलेली आहेत. फुटक्या मडक्याचे तुकडे हो, तळहाताहून लहान, कुठे वाडग्याचं बूड, कुठे कान तुटलेला. आणि प्रत्येकावर टोकदार काहीतरी घेऊन ओरखडून नाव लिहिलंय. अक्षरं वेडीवाकडी, कुणाची ओळ उतरत गेलेली, कुणी कडेला जागा संपली म्हणून शेवटची दोन अक्षरं वर कोंबलेली. थेमिस्थोक्लेस निओक्लेओस, म्हणजे निओक्लीसचा मुलगा थेमिस्टोक्लीस. ज्याने सॅलॅमिसच्या खाडीत इराणी आरमार बुडवून अख्खं गाव वाचवलं तोच माणूस, आणि दहाएक वर्षांत त्याच गावाने खापरावर नाव लिहून त्याला हाकलला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, वर्षातून एकदा सभेत विचारायचे की यंदा कुणाला हद्दपार करायचं का. बहुमत हो म्हणालं तर साधारण दोन महिन्यांनी अगोरात कुंपण घालायचे, लोक आपापल्या टोळीच्या, म्हणजे नागरिकांच्या दहा गटांपैकी आपल्या गटाच्या, दारातून आत यायचे, खापर उपडं धरून द्यायचे. एकूण ६००० तरी खापरं पडायला हवीत. मग ज्याचं नाव सगळ्यात जास्त त्याने दहा दिवसांत गाव सोडायचं, दहा वर्षांसाठी. आरोप नाही, खटला नाही, बचावाचं भाषणसुद्धा नाही. पण घर जमीन त्याचीच राहायची, उत्पन्न चालू, दहा वर्षांनी परत आला की पुन्हा पूर्ण नागरिक. कुणी फार मोठा व्हायला लागला की गावाने त्याला थोडा लांब ठेवायचा, एवढाच हेतू.

मी त्या कपाटापुढे अर्धा तास उभी होते, नवरा बाहेर जाऊन कॉफी पिऊन आला. आपण ज्याच्यावर खापर फोडतो म्हणतो ते मनात येत होतं पण त्याहून जास्त हे की हे हस्ताक्षर आहे. कुणा कुंभाराचं, कुणा शेतकऱ्याचं, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका सकाळचं.

तुमच्यापैकी कुणी ग्रीक समाजाबद्दल वाचलं असेल, पाहिलं असेल तर लिहा. मला राजे आणि लढाया नकोत, माणसं कशी राहायची ते हवंय.

जुनी_वही

फार सुंदर धागा काढलात ताई. मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, अथेन्सला जाणं काही झालं नाही, पण या खापरांवर जमेल तेवढं वाचलंय.

ती सगळीच हस्ताक्षरं शेतकऱ्यांची नव्हेत बरं का. १९३७ साली अॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत १९० खापरं सापडली, सगळी थेमिस्टोक्लीसच्या नावाची, आणि हस्ताक्षरं मोजली तर जेमतेम १४ जणांची. बरीचशी एकाच प्रकारच्या वाडग्यांची बुडं. म्हणजे कुणीतरी बसून तयार खापरं लिहून ठेवली होती, वाटायला. प्रचार तेव्हाही होता. पण ती विहिरीत पडली म्हणजे वाटून संपली नाहीत हेही खरं.

दुसरी गोष्ट अरिस्टाइडीस या पुढाऱ्याची, प्लुटार्क या जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवलेली. त्याला लोक 'न्यायी' म्हणायचे. इ.स.पू. ४८२ला खापरं पडत होती तेव्हा एका खेडुताने शेजारी उभ्या माणसाला खापर दिलं, मला लिहिता येत नाही, यावर अरिस्टाइडीस लिहून दे म्हणाला. तो शेजारी नेमका अरिस्टाइडीसच. त्याने विचारलं, या माणसाने तुझं काय वाईट केलंय? खेडूत म्हणाला, काही नाही, मी त्याला ओळखतही नाही, पण जिकडे तिकडे न्यायी न्यायी ऐकून कंटाळा आलाय. अरिस्टाइडीसने गुपचूप स्वतःचं नाव लिहून खापर परत दिलं. मी ही गोष्ट दर वर्षी नववीच्या वर्गात सांगायचो, आणि दर वर्षी वर्ग दोन मिनिटं शांत व्हायचा.

आता नावाबद्दल. खापरावर बापाचं नाव येतं तसंच बऱ्याचदा गावाचंही येतं. ही क्लायस्थेनिस नावाच्या पुढाऱ्याची करणी, इ.स.पू. ५०८ची. त्याने सगळा अॅटिका प्रांत १३९ गावांत म्हणजे डीममध्ये बांधला आणि त्या गावांच्या दहा नव्या टोळ्या केल्या, आणि प्रत्येक टोळीत थोडी शहरातली, थोडी किनाऱ्यावरची, थोडी आतल्या भागातली गावं घातली म्हणजे जुन्या घराण्यांची आपापल्या भागातली पकड सुटावी. माणूस अठराव्या वर्षी आपल्या डीमच्या वहीत चढायचा, आणि मग तो कुठेही राहायला गेला तरी डीम तोच, त्याच्या पोरानातवंडांचाही तोच. आपल्याकडे आजोबा कधीतरी वाईहून पुण्याला आले तरी नातू वाईकरच, अगदी तसं. अथेन्सचा मोठा पुढारी पेरिक्लीस खोलार्गोसचा, सॉक्रेटिस अलोपेकीचा. आडनाव नव्हतं त्यांना, गाव हेच आडनाव.

नांगर

वाचतोय. वाईकरवाला मुद्दा लगेच डोक्यात बसला सर.

एक विचारायचंय. कुठेतरी वाचलं होतं की तिथे निवडणुका नव्हत्याच, चिठ्ठ्या टाकून माणसं नेमायचे. हे खरंय का? आमच्या गावात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा लहान पोराला चिठ्ठी उचलायला लावतात, मी स्वतः पाचवीत असताना उचललीये, हात थरथरत होता. पण ती आरक्षणाची चिठ्ठी, माणूस मग निवडूनच यावा लागतो. माणूसच चिठ्ठीने हे कसं चालत असेल? कुणी बिनकामाचा निघाला तर?

ओसरीवरची

नांगर, खरंय, आणि त्याचं मशीन मी डोळ्यांनी पाहिलं! त्याच म्युझियममध्ये. क्लेरोटेरिऑन म्हणतात. माणसाच्या उंचीची संगमरवरी शिळा असायची, तिथे ठेवलाय तो तिचा तुकडा. तिच्यावर उभ्या आडव्या रांगेत बारीक खाचा कोरलेल्या, पोस्टकार्ड आडवं सरकवावं तेवढ्या. प्रत्येक माणसाकडे आपली एक कांस्याची पट्टी, बोटभर लांब, तिच्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, डीम. सकाळी कोर्टात पंच म्हणून बसायला आलेले लोक आपली पट्टी द्यायचे, त्या सगळ्या पट्ट्या खाचांत लावायच्या. शिळेच्या कडेला उभी नळी, तिच्यात वरून काळ्या पांढऱ्या गोट्या मिसळून ओतायच्या. खालून एकेक गोटी सोडायची. पांढरी आली की पहिली आडवी रांग सगळी आत, काळी आली की ती रांग घरी. मग दुसरी रांग. एवढंच. कुणालाच आधी कळायचं नाही की आज आपण कुठल्या खटल्याला बसणार, मग लाच द्यायची तर द्यायची कुणाला?

त्या पट्ट्यांकडे नीट पाहिलं की काहींवर खाली पुसट जुनं नाव दिसतं, ते ठोकून सपाट केलंय आणि वर नवं नाव टोचलंय. पट्टी सरकारी, माणूस बदलत गेला. आणि अशा पट्ट्या बऱ्याच सापडल्यात त्या थडग्यांत, माणसाबरोबर पुरलेल्या. मी हे वाचून तिथल्या बाकावर बसले. कुणाच्या चितेवर आपण त्याची आवडती वस्तू ठेवतो, तशी यांच्या घरच्यांनी त्याची पंच असल्याची पट्टी ठेवली.

जुनी_वही

नांगर, बिनकामाचा निघाला तर काय, याची त्यांनी सोय केली होती. एक म्हणजे एकटा माणूस सहसा नेमत नसत, बहुतेक ठिकाणी दहा दहांची मंडळं. दुसरं, कारभाराआधी त्याची चौकशी व्हायची, आईबाप कोण, आईबापांशी नीट वागतोस का, थडग्यांची पूजा करतोस का, कर भरलास का. हो, आईबापांशी वागणूक हा प्रश्न अधिकृत होता. आणि वर्ष संपल्यावर पैन् पैचा हिशेब. तिसरं, जिथे चुकलं तर गाव बुडेल तिथे ते चिठ्ठी टाकतच नसत. दहा सेनापती हात वर करून निवडायचे आणि पुन्हा पुन्हा निवडता यायचे. पेरिक्लीस सलग पंधरा वर्षं सेनापती राहिला तो निवडूनच.

पाचशेंचं मंडळ मात्र चिठ्ठीने, दर टोळीचे ५०, वय ३०च्या वर, आणि आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा. त्या पाचशेंतले एका टोळीचे ५० वर्षाच्या दहाव्या भागासाठी कामकाज बघायचे आणि त्यांच्यातला एक जण रोज चिठ्ठीने अध्यक्ष, फक्त एक दिवस एक रात्र. खजिन्याच्या किल्ल्या आणि गावाचा शिक्का त्या चोवीस तास त्याच्याकडे. विचार करा, दोनदाच बसता येतं आणि दर वर्षी पाचशे लागतात, म्हणजे तीसेक हजार पुरुष नागरिकांतल्या कितीतरी जणांवर कधी ना कधी ही पाळी यायचीच. गोळाबेरीज करा, गावातला चांभार एक दिवस राष्ट्रपती.

कोर्टाचं सांगायचं राहिलं. २०१, ४०१, ५०१ असे पंच, विषम आकडा म्हणजे बरोबरी नको. वकील नाही, न्यायाधीश नाही. बोलायला पाण्याचं घड्याळ, वरच्या मडक्याच्या बुडाच्या नळीतून पाणी खालच्यात पडतं, पाणी संपलं की बोलणं संपलं. अगोरात सापडलेलं मडकं सहा मिनिटांत रिकामं होतं. मतासाठी कांस्याच्या दोन चकत्या, एकीचा मधला दांडा पोकळ, एकीचा भरीव. अंगठा आणि बोट दोन टोकांवर ठेवून टाकायची म्हणजे पोकळ कुठली ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. सॉक्रेटिसला इ.स.पू. ३९९मध्ये याच पद्धतीच्या कोर्टाने एका दिवसात मृत्यूची शिक्षा दिली हेही विसरता येत नाही.

शेवंता

मी जरा वेगळं लिहिणार आहे आणि कुणी राग मानू नये.

गावातला चांभार एक दिवस राष्ट्रपती हे खरंय सर, पण त्या चांभाराची बायको? कोर्टात नाही, सभेत नाही, खापर नाही, पट्टी नाही. तिला जन्मभर कुणीतरी मालक, आधी बाप, मग नवरा, मग मुलगा. एक मेदिम्नोस म्हणजे एक मोठं माप जवाएवढ्या किमतीच्या वरचा व्यवहार तिला कायद्याने स्वतःच्या नावावर करता येत नव्हता. चौदा पंधराव्या वर्षी लग्न, नवरा तिशीचा. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन, त्याच्या पुस्तकात इस्खोमाखोस नावाचा एक जमीनदार मोठ्या कौतुकाने सांगतो की माझ्याकडे आली तेव्हा पंधराचीही नव्हती, आणि कमीत कमी बघावं, कमीत कमी ऐकावं, कमीत कमी विचारावं अशी वाढवली होती तिला. आणि पुढे पानंच्या पानं तो तिला भांडी कशी लावायची ते शिकवतो.

मी लॉ केलंय, त्यामुळे मला लिसिआस नावाच्या भाषणलेखकाने दुसऱ्यासाठी लिहून दिलेलं एक कोर्टातलं भाषण जवळचं वाटतं. युफिलेटोस नावाचा साधा माणूस, बायकोच्या प्रियकराला घरात पकडून मारून टाकलंय, आता पंचांसमोर उभा आहे. त्याच्या बोलण्यातून ते घर दिसतं. दुमजली छोटं घर, वर बायकांची खोली, खाली पुरुषांची. बाळ झालं. बाळाला रात्री धुवायला खाली न्यायचं तर अंधारात जिना, ती पडेल, म्हणून त्यांनी खोल्या बदलल्या, तो वर, ती बाळ आणि दासी खाली. एका रात्री ती वर त्याच्याजवळ असताना खाली बाळ रडायला लागलं. तो म्हणाला जा, पाज त्याला. ती आधी जायलाच तयार नाही, मग हसत हसत गेली आणि जाताना बाहेरून दाराला कुलूप लावून किल्ली घेऊन गेली. दासीने बाळाला मुद्दाम रडवलं होतं कारण प्रियकर खाली आला होता. सकाळी ती दार उघडायला आली तेव्हा तोंडाला सफेदा लावलेला, भाऊ जाऊन महिनाही झाला नव्हता. हे सगळं तो पंचांना सांगतो.

आणि आख्ख्या भाषणात तिचं नाव नाही. प्रियकराचं आहे, एराटोस्थेनिस. नवऱ्याचं आहे. तिचं नाही, दासीचं नाही. कोर्टात चांगल्या घरच्या जिवंत बाईचं नाव घ्यायचं नाही ही रीतच होती, नाव घेतलं की ती बदनाम. म्हणजे ओसरीवरची, तुम्ही ज्या नावांपुढे अर्धा तास उभ्या राहिलात ना, ती नावं लिहायला ज्यांनी वाडगी विसळली त्यांची नावं तोंडावाटेही निघत नव्हती.

पारिजात

शेवंता +१. जिना आणि बाळ वाचून पोटात तुटलं. बाळ लहान असताना खाली झोपणं काय असतं ते माहितीये.

अवांतर असेल पण ते खायचे काय? मला कुठल्याही देशाचं आधी ताट कळलं की माणसं कळतात.

जुनी_वही

शेवंताताई, राग कसला, हे लिहायलाच हवं होतं. मी वर जे लिहिलं त्यात ही बाजू आली नाही ती माझ्याकडून राहिली.

त्यात एवढं घालतो की बायकांना जे एक दार उघडं होतं ते देवाचं. अथेनेची मुख्य पुजारीण बाईच असायची, आणि तिचं नाव गावभर घेतलं जायचं. लिसिमाखी नावाची पुजारीण ६४ वर्षं त्या जागी होती. दर वर्षी देवीसाठी जे वस्त्र विणलं जायचं ते बायकामुलींनी विणलेलं. आणि शरदात डिमिटर देवीचा थेस्मोफोरिया, तीन दिवस लग्न झालेल्या बायका घर सोडून टेकडीवर झोपड्या करून राहायच्या, पुरुषाला बंदी, एक दिवस कडक उपास. आणि सगळ्या ग्रीसला अथेन्सच्या फूटपट्टीने मोजू नये, क्रीटमधल्या गॉर्टिन गावचा कायदा तिथल्या भिंतीवर कोरलेला आजही आहे, त्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सांगितलाय. स्पार्टात तर जमिनीचे पाचांतले दोन भाग बायकांच्या नावावर होते म्हणून अॅरिस्टॉटल तक्रार करतो. लोकशाही अथेन्समध्ये आणि जमीन स्पार्टाच्या बायकांकडे, हे मला आजही नीट पचलेलं नाही.

पेरिक्लीसचंही सांगतो. इ.स.पू. ४५१मध्ये त्यानेच कायदा केला, आई आणि बाप दोघं अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. मग तो स्वतः मिलेटस या दुसऱ्या ग्रीक शहरातल्या अस्पाशियाबरोबर राहायला लागला, त्यांचा मुलगा त्याच कायद्याने परका. साथीत पहिली दोन्ही मुलं गेल्यावर त्याने सभेपुढे हात जोडले आणि लोकांनी त्या मुलाला नागरिक करून घेतलं. तो पुढे सेनापती झाला आणि ४०६च्या आर्गिनुसाईच्या लढाईनंतर वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून त्याच सभेने त्याला पाच जणांबरोबर मारलं. त्या दिवशी मंडळात बसलेला सॉक्रेटिस हे बेकायदा आहे म्हणून अडून राहिला होता. चिठ्ठीने आला होता तो तिथे.

ओसरीवरची

पारिजात, ताटाचं मी सांगते, अगदी आपलं आहे. त्यांच्या जेवणाचे दोनच भाग, सितोस आणि ऑप्सॉन. सितोस म्हणजे पोट भरायचं ते धान्य, बहुतेकांचं जवाचं, भिजवून मळलेला गोळा किंवा भाकर, पैसेवाल्यांची गव्हाची. ऑप्सॉन म्हणजे त्याबरोबर जे काय, चीज, ऑलिव्ह, कांदा, लसूण, डाळ, कधी मासळी. याला आपल्याकडे एका शब्दात कालवण म्हणतात, इंग्रजीत त्याला धड शब्द नाही! झेनोफन एक प्रसंग सांगतो, जेवायला बसलेले असताना एक पोरगा भाकरीला हात न लावता नुसतं कालवणच खातोय, सॉक्रेटिस सगळ्यांसमोर विचारतो याला काय म्हणायचं, तेव्हा तो लाजून एक घास भाकरी घेतो पण कालवण तेवढंच. माझी सासू पंगतीत असंच बोलायची. भाजीला भाकर लाव.

मटण रोजचं नाही, देवाला बळी दिला की त्याचं वाटप. दारू पाणी घालूनच, बिनपाण्याची पिणारा तो रानटी. आणि पुरुषांच्या बैठकीत घरच्या बायका नसायच्या.

पण त्या म्युझियममधली जी वस्तू मला सगळ्यात घरची वाटली ती मातीची बाळाची बैठक. उंच पोकळ खोड, वर वाटीसारखी बसायची जागा, पुढे पाय बाहेर काढायला भोक आणि खाली शी शूची सोय. इ.स.पू. सहाव्या शतकातली. भांड्यांवरच्या चित्रात तसंच बसलेलं बाळ हात नाचवताना दिसतं. शेवंता म्हणतात ती आई रात्री बाळ धुवायला उठायची ना, तिच्याही घरात अशी असेल असं वाटून गेलं.

खाणवाला

नेहमी वाचतो, लिहीत नाही. चंद्रपूरकडे जमिनीखाली काम केलंय, म्हणून लाव्रिऑनबद्दल लिहावंसं वाटलं.

सगळे म्हणतात सॅलॅमिसची लढाई थेमिस्टोक्लीसच्या डोक्याने जिंकली. पैसा कुठून आला? अॅटिकाच्या दक्षिण टोकाला लाव्रिऑनला चांदीच्या खाणी, तिथे ४८३च्या सुमारास मोठी शिर लागली. लोकांचं म्हणणं होतं माणशी दहा दहा द्राख्मा, म्हणजे त्यांची चांदीची नाणी, वाटून घ्या, थेमिस्टोक्लीसने जहाजं बांधायला लावली. एका जहाजाला १७० वल्हेकरी, ते कोण तर ज्यांच्याकडे ढाल भाला घ्यायलाही पैसे नाहीत ते गरीब नागरिक. गाव वाचवलं यांच्या दंडांनी, मग सभेत यांचा आवाज कोण दाबणार. लोकशाही गरिबापर्यंत खाली आली त्याचं मोठं कारण हे आरमार आहे. आणि आरमाराच्या खाली ती खाण.

त्या खाणीतले बोगदे मी नकाशात आणि फोटोत पाहिलेत. एक मीटरहून कमी उंच, माणूस उभा नाही, बसलाही नाही, पालथा पडून किंवा रांगत छिन्नी हातोडीने दगड फोडायचा. विहिरीसारखे सरळ चौकोनी शाफ्ट, काही शंभर मीटरपर्यंत खोल. उजेडाला मातीची पणती. जो एकदा पालथा पडून छताला पाठ घासत पुढे सरकलाय त्यालाच कळेल, त्या अंधारात वेळ कळत नाही, पणतीतलं तेल हेच घड्याळ. आमच्याकडे हेल्मेट, दिवा, हवेचा पंखा, युनियन होती तरी वर आल्यावर पहिला श्वास वेगळा लागायचा.

तिथे कामाला बहुतेक सगळे गुलाम. निकिआस नावाचा मोठा माणूस, सेनापती, देवभोळा म्हणून प्रसिद्ध. त्याचे १००० गुलाम होते, ते त्याने सोसिआस नावाच्या एका थ्रेसच्या माणसाला खाणीसाठी भाड्याने दिले, माणशी रोजचा एक ओबोल, आणि कुणी मेला पळाला तर तेवढाच माणूस भरून द्यायचा. सहा ओबोलचा एक द्राख्मा. निकिआसचं नाव आहे, सोसिआसचं नाव आहे. हजारांतल्या एकाचंही नाही. इ.स.पू. ४१३ला अथेन्सशी लढणाऱ्या स्पार्टाने अथेन्सच्या उत्तरेला डेकेलियाला तळ ठोकला तेव्हा अथेन्सचे २०,००० गुलाम पळून गेले असं त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो, बरेच त्यातले कारागीर. तो आकडा वाचून मला बरं वाटलं.

शेवंता

खाणवाला, तुम्ही लिहीत राहा हो.

यातच एक दुसरी बाजू आहे ती पण ठेवते. अॅक्रोपोलिसवरच्या एरेक्थिऑन देवळाच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडलेत, इ.स.पू. ४०८च्या आसपासचे. कुठल्या खांबावर कोणी खाचा पाडल्या त्याची नावानिशी यादी. त्यात नागरिक आहेत, परदेशातून येऊन राहिलेले आहेत, गुलाम आहेत. एक सिमिआस नावाचा पाथरवट, अलोपेकीला राहणारा, त्याच्या शेजारी त्याचेच गुलाम सिंड्रॉन, सॅनिऑन, सोसांड्रॉस, सगळे एकाच खांबावर. मजुरी दिवसाला एक द्राख्मा, सगळ्यांना सारखी. गुलामाच्या नावचा पैसा साधारण मालकाच्याच हातात जायचा हे उघड आहे. तरी नाव कोरलंय. आज कुणी एरेक्थिऑनचा खांब पाहिला तर त्याची खाच सॅनिऑनच्या छिन्नीने पडलेली असू शकते.

परदेशी लोकांना मेटिक म्हणायचे, पुरुषाला वर्षाला १२ द्राख्मा डोईपट्टी, एकट्या बाईला ६, लढाईला जायचं पण जमीन घ्यायची नाही आणि मत नाही. वर ज्याचं भाषण सांगितलं तो लिसिआस स्वतः मेटिकच. दुसऱ्यांना भाषणं लिहून देत राहिला.

नांगर

दोन दिवस हाच धागा उघडून बसलोय. मी कोल्हापूरचा, आमच्याकडच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्य मूर्ती आहे, समुद्राचा ग्रीक देव, पंचगंगेच्या काठी. शाळेच्या सहलीत पाहिली होती, तेव्हा काही कळलं नव्हतं. आणि कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवनांची नावं आहेत ना सर?

जुनी_वही

हो. कार्ल्याच्या चैत्यगृहात अनेक खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांचे लेख आहेत. त्यातला एक म्हणतो, धेनुकाकटच्या सिहधय यवनाचं हे खांबाचं दान. आयोनियन म्हणजे ग्रीक, त्यावरून योन, यवन. हे लोक अथेन्सचे नव्हेत, काळही चारपाचशे वर्षं नंतरचा, आणि नाव भारतीय झालेलं. पण बघा, बापाचं नाव नाही, गाव आहे, आणि आपण काय दिलं ते आहे.

ओसरीवरची

शेवंता आणि खाणवाला, तुमचं वाचून मी फोटो पुन्हा काढून बसले. शेवटच्या दिवशी केरामेइकोसला गेलो होतो, ती कुंभारवाड्याला लागून असलेली स्मशानभूमी. तिथूनच हजारो खापरं निघाली, साडेआठ हजारांच्या वर.

शेवंता, जिवंतपणी बाईचं नाव घेत नव्हते ते थडग्यावर घेतात. हेगेसोची शिळा आता मोठ्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आहे, साधारण इ.स.पू. ४१०ची. वर कोरलंय, हेगेसो, प्रोक्सेनोसची मुलगी. खुर्चीत बसलीये, समोर दासी पेटी धरून उभी, हेगेसोने पेटीतून एक दागिना उचललाय आणि दोन बोटांत धरून बघतेय. दागिना दगडात नाही, रंगवलेला होता, रंग उडून गेला, म्हणून आता ती रिकाम्या बोटांकडे बघते. दासीचं नाव नाही. मी त्या दासीच्या हातांचा वेगळा फोटो काढला.

आणि केरामेइकोसच्या छोट्या म्युझियममध्ये अम्फारेती. एक बाई बसलीये, मांडीवर तान्हं बाळ, चादरीत गुंडाळलेलं, तिच्या बोटात एक पक्षी. मला वाटलं आई आणि मूल. लेकीने फोनमध्ये बघून अर्थ वाचून दाखवला, ती आजी आहे. वर लिहिलंय, हे माझ्या लेकीचं लाडकं मूल, आम्ही जिवंत असताना, ऊन बघत होतो तेव्हा याला मी मांडीवर घ्यायचे, आता ते गेलंय आणि मीही, तशीच घेऊन बसलीये. माझी नात आठ महिन्यांची आहे. मी आणि लेक दोघी तिथे काही न बोलता उभ्या होतो.

पारिजात

रडवलंत.

त्या लेकीचं नाव आहे का शिळेवर? बाळाच्या आईचं?

ओसरीवरची

नाही. आजीचं आहे, लेकीचं नाही. लेक तेव्हा जिवंत असणार.

शेवंता

एक शेवटचं लिहिते, मग झोपते. त्याच अगोरातल्या एका विहिरीत शिशाच्या पातळ पत्र्यावर टोचलेलं पत्र सापडलं, इ.स.पू. चौथ्या शतकातलं. लेसिस नावाच्या पोराचं, भट्टीत कामाला लावलेला, तिथे ओतकाम चालायचं. पत्र झेनोक्लीस नावाच्या माणसाला आणि आईला. तो म्हणतो, मी इथे भट्टीत मरतोय, दुर्लक्ष करू नका, माझ्या मालकांकडे या आणि माझ्यासाठी दुसरं काहीतरी बरं बघा. मला फार वाईट माणसाच्या हाती दिलंय, चाबकाने मारतात, बांधून ठेवतात, मातीमोल वागवतात. आणि मग पुन्हा, अजून, अजून.

तो गुलाम होता की मेटिकाचा शिकाऊ पोरगा यावर अभ्यासकांचं भांडण आहे. मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा एवढंच दिसलं की पहिला शब्द त्याचं स्वतःचं नाव आहे.

खाणवाला

शिसं लाव्रिऑनचंच असणार. चांदी काढली की उरतं ते.